एका टेबलावरची चार तोंडे: बाहेर जेवताना तिखटाचा मेळ कसा घालावा

चार माणसे जेवायला बाहेर पडली की जागा, वेळ आणि खर्च यांवर एकमत होण्यास फारसा वेळ लागत नाही. खरी अडचण मेन्यू कार्ड उघडल्यावर सुरू होते. एकाला नाकाडोळ्यांतून पाणी आल्याखेरीज जेवल्यासारखे वाटत नाही, दुसऱ्याला फोडणीचा नुसता वास आला तरी ठसका लागतो, आणि तिसरा "मला काहीही चालेल" असे म्हणून मोकळा होतो, पण ताट समोर आल्यावर मुकाट्याने भात चिवडत बसतो. अशा वेळी बहुतेक जण सगळ्यांसाठी "मध्यम तिखट" मागवून सुटका करून घेतात. माझ्या मते याहून वाईट तोडगा नाही, कारण मध्यम तिखट जेवण एकाला सपक लागते, दुसऱ्याला सोसत नाही, आणि बिल मात्र दोघांनाही सारखेच द्यावे लागते.

त्याऐवजी एक गोष्ट धरून चालावे: तिखट ताटात वाढवता येते, ताटातून काढता येत नाही. वाटणात किंवा फोडणीत एकदा उतरलेली मिरची वेगळी काढण्याची युक्ती कोणत्याही आचाऱ्याकडे नसते. दही, साय किंवा साखर घालून तिची धार थोडी बोथट करता येते, इतकेच. म्हणून जे पदार्थ सगळे मिळून खाणार आहेत, ते टेबलावरच्या सर्वांत कमी तिखट खाणाऱ्याच्या जिभेला धरून मागवावेत आणि बाकीच्यांनी आपापले तिखट वरून घ्यावे. यावर तिखट खाणारा लगेच हरकत घेतो की वरून भुरभुरलेल्या तिखटाला आत मुरलेल्या तिखटाची सर येत नाही. हरकत अगदी रास्त आहे, आणि म्हणूनच त्याच्यासाठी एक पदार्थ वेगळा मागवण्याची गोष्ट पुढे येणार आहे. पण त्याआधी तिखट म्हणजे नेमके काय हे थोडक्यात पाहणे उपयोगाचे ठरेल, कारण ऑर्डर देताना विचारायचे प्रश्न त्यातूनच निघतात.

जिभेवर काय घडते

षड्रसांत आपण तिखटाला जागा दिली असली, तरी शरीराच्या हिशेबात तिखट ही चव नसून पोळल्याची जाणीव आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य तोंडातील ज्या संवेदकाला चिकटते, तो संवेदक मुळात सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखण्यासाठी आहे. कॅप्सेसिन त्याला फसवते आणि मेंदूला तोंड भाजल्याचा निरोप पोहोचतो, प्रत्यक्षात काहीही भाजलेले नसताना. हा संवेदक डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये ओळखला, आणि 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह मिळाले. जेवणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की एकच रस्सा वाफाळता असताना जास्त तिखट लागतो आणि कोमट झाल्यावर कमी, कारण उष्णता आणि मिरची एकाच संवेदकाला चेतवतात. ज्याला तिखट सोसत नाही त्याने घाई न करता वाटी पाच मिनिटे बाजूला ठेवली, तरी निम्मे काम होते.

प्रत्येक झणका मात्र मिरचीचा नसतो. मोहरीचा किंवा वसाबीचा झणका बाष्पातून थेट नाकात चढतो आणि काही क्षणांत उतरतो. त्याचा संवेदक वेगळा आहे. मिरीचा तिखटपणा पायपरीन या द्रव्यामुळे येतो, तर सिचुआन मिरीने जीभ पोळण्यापेक्षा मुंग्या येऊन बधिर होते. त्यामुळे मिरचीचा घास सहज पचवणारा माणूस मोहरीच्या चटणीपुढे हात टेकतो, यात नवल नाही, आणि "मी तिखट खातो" किंवा "मी तिखट खात नाही" ही वाक्ये अर्धवट माहिती देतात. सोबत जेवणाऱ्याला "कशाचे तिखट चालत नाही?" असे विचारले, तर पुष्कळदा असे कळते की त्याला मिरीचे काहीच वाटत नाही, त्रास होतो तो फक्त हिरव्या मिरचीचा.

माणसामाणसांत हा फरक का पडतो, याची काही कारणे जन्मजात आहेत, पण सवयीचा वाटा मोठा आहे. पुन्हापुन्हा कॅप्सेसिन मिळाले की ते टिपणारे मज्जातंतू हळूहळू दाद देईनासे होतात, आणि बरेच दिवस तिखट न खाल्ल्यास पुन्हा पूर्वीसारखे तीक्ष्ण होतात. "आमच्या रक्तातच तिखट आहे" असे अभिमानाने सांगणाऱ्यांना मला नेहमी आठवण करून द्यावीशी वाटते की मिरची मूळची अमेरिका खंडातली आहे आणि उरलेल्या जगाला ती कोलंबसाच्या 1492 च्या सफरीनंतरच माहीत झाली. पाचशे वर्षांपूर्वी त्या खंडाबाहेरचे सगळेच मिरचीपुढे नवखे होते. तेव्हा तिखट खाता येणे हे शौर्य नाही आणि न खाता येणे ही नाजूकपणाची खूण नाही, एवढे टेबलावर बसण्याआधी सर्वांनी मनाशी धरलेले बरे.

"किती?" ऐवजी "कुठे?" असे विचारावे

काही दिवसांपूर्वी मी, माझी ताई, तिचा आठ वर्षांचा मुलगा आणि माझा एक मित्र असे चौघे जेवायला गेलो होतो. ताईने वाढप्याला विचारले, "दादा, ही भाजी तिखट आहे का हो?" त्याने कार्डाकडे न पाहताच सांगितले, "नाही ताई, फार नाही. लहान मुलं पण खातात." पहिल्याच घासाला भाच्याचे कान लाल झाले, दुसऱ्या घासाला तो उभा राहिला, आणि ताईने घाईघाईने त्याच्या तोंडाला लावलेल्या पाण्याच्या पेल्याने आग आणखी घशापर्यंत पसरली. माझा मित्र त्याच भाजीवर लिंबू पिळत म्हणाला, "यात तिखट आहे तरी कुठे?" वाढपी खोटे बोलला नव्हता; त्याने आपल्या जिभेचे माप सांगितले होते, आणि ते माप आमच्या टेबलावर एकालाही लागू पडले नाही.

"तिखट आहे का?" या प्रश्नाचे उत्तर नेहमीच उत्तर देणाऱ्याच्या सवयीवर ठरते, म्हणून तो प्रश्न विचारूच नये. कार्डावर पदार्थाच्या नावापुढे काढलेल्या लाल मिरच्यांचीही हीच कथा आहे. मिरचीच्या तिखटपणाचे माप अस्तित्वात नाही असे नाही. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधनिर्मात्याने 1912 मध्ये मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत नेला की चाखणाऱ्यांना तिखट जाणवेनासे व्हावे, आणि त्यासाठी अर्क किती पट पातळ करावा लागला यावरून आकडा ठरवला. ढोबळी मिरची त्या मापावर शून्य असते, हालापेन्यो साधारण 2,500 ते 8,000 आणि हाबानेरो एक लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत जाते. पण कार्डावरच्या चित्रांना असले कोणतेही माप लावलेले नसते. एका ठिकाणच्या तीन मिरच्या दुसऱ्या ठिकाणच्या एका मिरचीपेक्षा सौम्य असू शकतात. त्या चित्रांचा उपयोग एवढाच की त्याच कार्डावरचे दोन पदार्थ एकमेकांशी ताडून पाहता येतात.

विचारायचे ते असे: मिरची वाटून घातली आहे, चिरून घातली आहे की अख्खी? मसाला आधीच तयार करून ठेवलेला असतो, की ऑर्डर आल्यावर पडतो? फोडणी वरून वेगळी देता येईल का? या प्रश्नांची उत्तरे कोणाच्या जिभेवर अवलंबून नसतात, आणि वाढप्याला ठाऊक नसले तर तो आत जाऊन विचारून येतो. त्या दिवशी दुसऱ्या पदार्थाच्या वेळी ताईने तसेच केले, आणि आत जाऊन आलेल्या वाढप्याने सांगितले, "मसाला सकाळीच वाटलेला असतो ताई, तो कमी होणार नाही. पण डाळीची फोडणी वाटीत वेगळी आणून देतो." या एका वाक्याने आमचे जेवण मार्गी लागले. आणखी एक प्रश्न मला फार उपयोगी पडलेला आहे: "दादा, तुमच्या घरी तिखट न खाणारं कोणी आलं, तर यातलं काय वाढाल?" याला सहसा पाठ केलेले उत्तर मिळत नाही; माणूस क्षणभर विचार करतो आणि मग खरे ते सांगतो.

कोणत्या पदार्थाचे तिखट कमी होऊ शकते याचा अंदाज स्वयंपाकाच्या पद्धतीवरूनही बांधता येतो. मोठ्या भांड्यात आधीच शिजवून ठेवलेला रस्सा, आदल्या दिवशी मसाला चोळून मुरवत ठेवलेला आणि मग भाजलेला पदार्थ, किंवा आत सारण भरलेला पदार्थ यांचे तिखट कमी करून मागणे म्हणजे आचाऱ्याला अशक्य काम सांगणे होय. फार झाले तर तो त्यात साय ओतून देईल आणि पदार्थाची मूळ चवही जाईल. याउलट मोठ्या आचेवर त्या क्षणी परतलेले, वरून फोडणी दिलेले, किंवा चटणी बाजूला वाढलेले पदार्थ हवे तसे मिळू शकतात. अख्खी मिरची असलेला पदार्थ वाटलेल्या मिरचीच्या पदार्थापेक्षा बहुधा सोपा पडतो, कारण ती उचलून बाजूला ठेवता येते. फक्त ती चमच्याने दाबू नये. मिरचीचा जहालपणा बियांत असतो असा समज सर्वत्र आहे, पण तो मुख्यतः बिया ज्या पांढऱ्या शिरेला लागलेल्या असतात तिच्यात साठलेला असतो, आणि अख्खी मिरची चेपली की तोच रश्शात उतरतो.

ऑर्डरची वाटणी

चौघांसाठी तीन पदार्थ मागवायचे असतील, तर दोन सौम्य आणि एक मनसोक्त तिखट, अशी वाटणी मला सर्वांत सोयीची वाटते. तो तिसरा पदार्थ तिखट खाणाऱ्याचा हक्काचा असावा आणि त्यात कोणासाठीही तडजोड करू नये. त्याला खरोखर मुरलेले तिखट हवे असते, आणि ते एका भांड्यात मिळाले की उरलेल्या भांड्यांत तिखट टाकण्याचा आग्रह तो आपणहून सोडतो. सौम्य पदार्थ मागवताना "तिखट कमी" एवढेच न सांगता "मीठ, आंबट आणि बाकीचा मसाला नेहमीसारखा, फक्त मिरची कमी" असे स्पष्ट सांगावे. नाहीतर पुष्कळदा मिरचीबरोबर बाकीचा मसालाही आखडता घेतला जातो आणि समोर मिळमिळीत, आजाऱ्याचे वाटावे असे काहीतरी येते. कमी तिखट आणि बेचव यांतला फरक आचाऱ्याला ठाऊक असतो, पण आपण तो मागितला पाहिजे.

वरून घेण्याचे तिखटही नीट मागावे. चिरलेली हिरवी मिरची, भाजून कुटलेली लाल मिरची आणि मिरचीचे तेल या तिन्ही गोष्टी वेगवेगळे काम करतात. कॅप्सेसिन तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही; त्यामुळे मिरचीचे तेल पदार्थात लगेच मिसळते आणि मुरलेल्या तिखटाच्या सर्वांत जवळ जाते, तर कोरडी पूड पातळ रश्शावर नुसती तरंगत राहते. हाच नियम उलटाही वापरता येतो. ज्या रश्शावर लाल तवंग आला आहे, त्याच्या तिखटाचा मोठा भाग त्या तवंगात असतो. वाढून घेताना चमचा वरून न फिरवता बाजूने खाली नेऊन तळातला रस्सा घेतला, तर तोच रस्सा कमी तिखट लागतो. तिखट खाणाऱ्याने तवंग घ्यावा, न खाणाऱ्याने तळ घ्यावा. एका भांड्यात दोघांची सोय होते. माझा मित्र आता न सांगताच सगळ्यांच्या वाट्याचा तवंग स्वतःच्या वाटीत ओढून घेतो आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही.

चमच्यांकडे कोणी लक्ष देत नाही, पण निम्मे घोटाळे तिथेच होतात. तिखट भांड्यातला चमचा सौम्य भांड्यात बुडाला की सगळी काळजी वाया गेली, म्हणून प्रत्येक भांड्याला वेगळा चमचा मागावा आणि तिखट भांडे टेबलाच्या एका टोकाला ठेवावे. लहान मूल बरोबर असेल तर त्याचे ताट सर्वांत आधी वाढून घ्यावे.

माणसांशी वागताना

आमंत्रण आपले असेल, तर जागा ठरवण्याआधीच पाहुण्यांना विचारून ठेवावे, आणि विचारताना "तुम्हाला तिखट चालतं ना?" असे विचारू नये, कारण त्याला भिडस्त माणूस होकारच देतो. "तुमच्यासाठी तिखट कमी सांगू की तुम्ही वरून घ्याल?" असे विचारले की दोन्ही उत्तरे सारखीच सभ्य ठरतात. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न एकेकट्याला विचारलेला चांगला, कारण तोंड आलेले आहे, पित्त उठते किंवा पोटाचे औषध चालू आहे, हे चारचौघांत सांगायला कोणालाही आवडत नाही. ज्याला खरोखर सोसत नाही त्यानेही ऑर्डर देण्याआधीच मोकळेपणाने बोलावे. ताट आल्यावर उपाशी बसून सोबतच्यांना अवघडल्यासारखे करणे हा काही संकोचाचा चांगला प्रकार नाही.

पैजा मात्र टाळाव्यात. तिखटाचा आनंद काही प्रमाणात भीतीच्या खेळाचा आहे. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञांनी मिरचीच्या आवडीची तुलना उंच झोपाळ्यासारख्या थरारक खेळण्यांशी केली होती, जिथे शरीर घाबरते पण आपण सुरक्षित आहोत हे मनाला ठाऊक असते. हा आनंद स्वतःहून घेतला तरच आनंद असतो. "एवढंसं खाऊन बघ, काही होत नाही" असा आग्रह करणाऱ्याला त्या घासानंतर समोरच्याचे जेवण संपलेले असते, हे सहसा लक्षातही येत नाही.

तोंड पोळलेच, तर

पहिली सूचना, पाणी गटागटा पिऊ नये. थंड पाण्याने क्षणभर बरे वाटते, पण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नसल्यामुळे ते धुतले जात नाही आणि घोट संपताच आग परत येते. दूध, दही किंवा आइस्क्रीम उपयोगी पडते. दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून सोडवून नेते. दूध घोटभर तोंडात घोळवावे आणि मग गिळावे. चमचाभर साखर जिभेवर ठेवल्यानेही जळजळ उतरते, आणि भाताचा किंवा ब्रेडचा कोरा घास जिभेवरचे तेल पुसून नेतो. फसफसणारी पेये या वेळी नकोत, कारण त्यांनी पोळलेली जीभ अधिकच चुरचुरते. मद्याबद्दल तर गैरसमजच जास्त आहे: मद्यार्क त्याच उष्णतेच्या संवेदकाला अधिक हळवे करतो, त्यामुळे तिखटाबरोबर घेतलेला घोट आग विझवण्याऐवजी भडकवतो.

एकामागून एक घास घेत राहिल्यास जळजळ चढत जाते, आणि काही मिनिटे थांबल्यास ती बरीच खाली येते. त्यामुळे "आता सुरू केलंच आहे तर संपवूनच टाकू" हा विचार चुकीचा आहे. चमचा खाली ठेवावा, इकडचे तिकडचे बोलावे, आणि मग हवे तर पुन्हा सुरुवात करावी. ज्यांना तिखटाची सवय लावून घ्यायची आहे त्यांनाही हाच धीमा मार्ग योग्य आहे; आठवड्यातून काही वेळा किंचित जास्त, असे काही आठवडे केले की फरक जाणवतो, एका बैठकीत मात्र काही साधत नाही.

मागितले त्यापेक्षा पदार्थ जास्त तिखट आला असेल, तर दोन घासांतच सांगावे. अर्धे भांडे संपल्यावर केलेल्या तक्रारीला कोणीही गंभीरपणे घेत नाही, आणि घेऊही नये. सांगतानाही "हे फार तिखट आहे" असे न म्हणता "मिरची कमी सांगितली होती, तशी आलेली नाही" असे म्हणावे, कारण पहिल्या वाक्यावर वाद होऊ शकतो, दुसऱ्यावर फक्त ऑर्डरची चिठ्ठी पाहावी लागते. आपण मिरचीबद्दल काहीच सांगितले नसेल, तर पदार्थ परत पाठवण्याचा हक्क आपल्याला नाही; अशा वेळी साधे दही किंवा कोरा भात मागवून वेळ निभावून न्यावी.

उरलेले अन्न बांधून घेताना त्यातल्या अख्ख्या मिरच्या आधी काढून टाकाव्यात. त्या रात्रभर रश्शात मुरत राहतात, आणि सकाळी तोच रस्सा आदल्या रात्रीपेक्षा जहाल झालेला असतो. मिरच्या हाताने काढल्या असतील तर नुसत्या पाण्याने हात धुऊन डोळ्यांना लावू नयेत. आधी बोटांना थोडे तेल चोळावे, मग साबणाने धुवावे. त्या दिवशी भाच्याला समजावताना ताईने मिरच्या काढलेल्या हातानेच त्याचे डोळे पुसले होते, आणि घरी पोहोचेपर्यंत तो दुसऱ्यांदा रडत होता.